घुमट नसलेली इमारत

बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळच्या फेऱ्या मारून बाकावर टेकलेल्या मंडळींत एका आजींनी मध्येच विचारलं, "काय हो, युनिव्हर्सिटीची जुनी इमारत पाडायची असते, तेव्हा पाडणाऱ्याला पैसे देतात की त्याच्याकडून घेतात?" दोघं-तिघं हसले. एकजण म्हणाला, "देतातच की. फुकट कोण पाडून देईल?" आणि गप्पा पावसावर गेल्या. प्रश्न मात्र तसा सोडून देण्यासारखा नव्हता, कारण उत्तर चुकलं होतं. चुन्या-विटांची, सागवानी दारांची, लोखंडी गर्डरांची इमारत असेल, तर बहुतेक वेळा पैसे घेतात. इमला, म्हणजे जमीन सोडून वरचं बांधकाम, विकला जातो. निविदेत एका बाजूला पाडण्याचा, मलबा उचलण्याचा आणि जागा सपाट करून देण्याचा खर्च. दुसऱ्या बाजूला निघणाऱ्या मालाची किंमत. दुसरी बाजू जड झाली की कंत्राटदारच संस्थेकडे रक्कम भरतो, आणि पहिला घण पडायच्या आधीपासून त्या वास्तूतली प्रत्येक बिजागरी त्याची होते. शंभर वर्षं शिकवणाऱ्या वास्तूची शेवटची किंमत ठरते ती अशी, भंगाराच्या हिशेबाने. त्या हिशेबात काय धरतात आणि काय धरत नाहीत, हे बघण्यासारखं असतं.

निविदा भरण्याआधी कंत्राटदार इमारत बघायला येतो तेव्हा तो आपल्यासारखा दर्शनी भाग न्याहाळत उभा राहत नाही. तो आधी दारं मोजतो. चार फूट बाय आठ फुटांच्या दाराची पाच-चार इंची नुसती चौकट धरली, तरी जवळपास तीन घनफूट सागवान होतं; फळ्या, वरची झडप, खिडक्यांची तावदानं वेगळी. चौकटीच्या पायाशी, जिथे फरशी धुतल्याचं पाणी वर्षानुवर्षं मुरलं, तिथे तो किल्लीचं टोक खुपसून बघतो. टोक रुतलं तर खालचं फूटभर लाकूड हिशेबातून गेलं. मग मान वर. आठ मीटर बाय पाच मीटरच्या वर्गात सव्वा-सव्वा मीटरवर सहा गर्डर दिसतात. जुना आठ इंच बाय चार इंचाचा गर्डर मीटरला सुमारे सत्तावीस किलो भरतो. भिंतीत शिरलेला भाग धरून साडेपाच मीटर लांबी, म्हणजे एका खोलीच्या छतात नऊशे किलो लोखंड. खोल्या मोजल्या की झालं. रंगाचे पापुद्रे खरवडले तर कुठे कुठे विलायती कारखान्याचं नाव उमटलेलं सापडतं, पण त्याने किलोचा भाव वाढत नाही. "पैसा छतात असतो साहेब, भिंतीत नाही," असं या धंद्यातली माणसं सरळ सांगतात. आणि भिंत म्हणजेच तर इमारत.

पाडण्याचा क्रम बांधण्याच्या बरोबर उलटा. शेवटी बसलं ते आधी निघतं. भारतीय मानक ४१३०, १९९१ची आवृत्ती, यात हे सगळं शिस्तीत लिहिलेलं आहे: आधी वीज, पाणी, गॅस मुळापासून तोडायचे, भोवती कुंपण घालायचं, मग काचा, मग दारं-खिडक्या, मग छत, मग मजला, मग भिंती, वरून खाली, थराथराने. शिक्षणसंस्थेत त्याआधी आणखी एक पायरी असते, ती कुठल्याच मानकात नाही. ती म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर, संस्थेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही. मोडके बाक, तीन पायांची स्टुलं, कुलूप लागून किल्ली हरवलेली कपाटं हे सगळं कागदावर जिवंत असतं, आणि समितीने पाहून निर्लेखित केल्याशिवाय, म्हणजे नोंदीतून बाद केल्याशिवाय, हलवता येत नाही. यात महिने जातात. उन्हाळ्याच्या सुटीत पाडकाम उरकायचं ठरवलेलं असतं. कपाटांच्या सह्या होईपर्यंत जून उजाडतो. जुन्या प्रयोगशाळा असतील तर त्यात वेगळीच गुंतागुंत. फरशीच्या सांध्यांत वर्षानुवर्षं फुटलेल्या थर्मामीटरांचा पारा बसलेला असतो, आम्ल वाहून नेणाऱ्या चिनी मातीच्या नळ्यांना भिंतीत कुठे गळती लागली ते कोणाला माहीत नसतं, आणि पाठीमागच्या शेडवरचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे निघतात. ते फोडायचे नसतात. ओले करून, बोल्ट सोडवून, अख्खे उतरवून वेगळे बांधायचे असतात. प्रत्यक्षात लांब बांबूने खालून ढोसलं जातं.

छत उघडलं की इमारतीचा खरा इतिहास दिसायला लागतो.

गच्चीवर सगळ्यात खालचा थर मूळचा: विटांचे तुकडे नि चुना, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी, दिवसेंदिवस थापीने ठोकून बसवलेला कोबा. तो बहुधा अजून घट्ट असतो. त्यावर डांबरी फेल्ट. त्यावर सिमेंटचा कोबा. तो तडकल्यावर त्यावर आणखी एक, आणि शेवटी फुटक्या पांढऱ्या लाद्यांचे तुकडे, ऊन परतवायला. दर वेळी गळती झाली, दर वेळी वरून एक थर चढवला, खालचा कोणी काढला नाही. दहा सेंटिमीटरचा एक कोबा चौरस मीटरला एकशे नव्वद किलोच्या आसपास जातो. चाळीस चौरस मीटरच्या वर्गावर एका थराचे साडेसात टन. गच्चीवर माणसं वावरतील म्हणून जे वजन हिशेबात धरतात ते चौरस मीटरला दीडशे किलो. म्हणजे गळती थांबवायच्या एकेका प्रयत्नाने गर्डरांवर गच्चीभर माणसांहून जास्त ओझं टाकलं, तेही कायमचं. आणि गळती कोब्यातून नव्हतीच. ती होती कोपऱ्यात, चार इंची पाइपाच्या तोंडाशी. तिथे कडुनिंबाची पानं, पारव्यांची पिसं, कोणे एके काळचा पतंग. पाणी तुंबलं, भिंतीच्या डोक्यात मुरलं, आणि नेमकं तिथे गर्डरचं टोक भिंतीत बसलेलं. गंजलेलं लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं. ते टोक फुगतं आणि वरचं बांधकाम उचलतं; बाहेरून गर्डरच्या पातळीवर एक आडवी भेग दिसते. इमारतीच्या तपासणीच्या, म्हणजे ऑडिटच्या, अहवालात तिचा फोटो लावतात आणि खाली लिहितात: वयोमानामुळे. वयाचा इथे काही संबंध नसतो. एक जाळी आणि पावसाळ्याआधी एक माणूस अर्धा दिवस, एवढ्याने जे वाचलं असतं त्याला वय म्हणणं मला पटत नाही.

आता गर्डरांमधल्या कमानी. उभ्या लावलेल्या विटांची साडेचार इंच जाडीची, सव्वा मीटर रुंदीची, मधे चार-सहा इंच उचललेली चपटी कमान. तिला जॅक आर्च म्हणतात. या कमानी मांडीला मांडी लावून पंगतीत बसलेल्या माणसांसारख्या असतात: प्रत्येकीचा रेटा शेजारणीवर, आणि पंगतीच्या टोकाच्या दोघींचा भिंतीवर. तो रेटा धरायला शेवटच्या गाळ्यांत, म्हणजे टोकाच्या कमानींच्या जागेत, लोखंडी ताण-सळ्या असतात, बोटाएवढ्या जाड. पाडताना आधी वरचा भराव उतरवायचा, खाली टेकू द्यायचे, सगळ्या गाळ्यांतल्या कमानी पट्ट्या-पट्ट्याने एकाच वेळी मागे आणत जायच्या, आणि ताण-सळ्या अगदी शेवटी कापायच्या. चूक होते ती इथेच, आणि तिला कारणही आहे. सळी उघडी असते, हाताला लागते, गॅस कटरने मिनिटभरात सुटते आणि किलोवर विकली जाते. म्हणून ती आधी कापतात. शेवटचा गर्डर मग बाहेर सरकतो, भिंत पोट काढते, आणि कमानी एकामागून एक खाली बसतात. खाली दाहोद-पंचमहालकडून आलेली माणसं घमेली भरत असतात. अशा कामावर टेकूंचे पैसे वाचवणं आणि सळी आधी कापणं या दोन गोष्टी ज्याने थांबवल्या, त्याने निम्मे अपघात थांबवले असं समजावं.

भिंतींना घाई चालत नाही. छत गेलं की पंधरा-सोळा फूट उंचीची भिंत नुसती स्वतःच्या जाडीवर उभी राहते. आडव्या भिंती तिला धरून असतात तोवर ठीक. पोकलेनवाल्याने वाटेत येते म्हणून आडवी भिंत आधी काढली की उभी भिंत वाऱ्याच्या हवाली. यंत्राने ढकलायची तर आतल्या बाजूला, आणि भोवती उंचीच्या निदान दीडपट मोकळी जागा ठेवून. अर्धवट भिंत उघडी ठेवून पावसाळा काढणं तर सगळ्यात वाईट. डोक्यावरचं पाणी थेट सांध्यांत उतरतं, चुना भिजून मऊ पडतो, आणि एखाद्या शांत दुपारी भिंत स्वतःहून बसते. सह्यांना लागलेल्या त्या महिन्यांची किंमत इथे चुकती होते.

पण हाताने, छिन्नी-हातोडीने भिंत उतरवली तर एक गोष्ट बघायला मिळते. चुन्यात बसवलेली वीट बसुलीच्या दोन टोल्यांत मोकळी होते. सांधा सुटतो, वीट अख्खी राहते. सिमेंटमध्ये बसवलेली वीट मात्र सांध्याआधी स्वतः तुटते, कारण सांधा तिच्याहून कडक. मूळच्या बांधणाऱ्यांनी सांधा विटेपेक्षा मऊ ठेवला, तो गरिबीमुळे नव्हे. भिंत थोडी हलली, पाया थोडा बसला, तर ताण सांध्याने सोसावा आणि वीट वाचावी, हा त्यातला विचार. पुढे कधीतरी त्याच भिंतींना सिमेंटचा गिलावा चढवला गेला, मजबुतीसाठी. जमिनीतून चढणारी ओल चुन्याच्या भिंतीतून सुखाने बाहेर पडत होती, ती आता कोंडली. ती गिलाव्यामागून वर सरकत गेली, कमरेइतकी होती ती छातीपर्यंत आली, खार फुटला, रंगाचे पोपडे सुटले. मग पोपडे काढून पुन्हा सिमेंट. पाडताना हा गिलावा मोठमोठ्या तुकड्यांनी सुटून येतो आणि मागच्या विटेचा पृष्ठभाग भुकटी झालेला दिसतो. त्याच भिंतीच्या वरच्या अंगाला, जिथे कोणी दुरुस्ती केली नाही, तिथे वीट अजून खणखणीत वाजते.

दुरुस्ती न झालेला भाग शाबूत, आणि दुरुस्त झालेला आजारी.

आणि बहुतेकदा "धोकादायक" हा शेरा ज्याच्यामुळे मिळतो, तो भाग मुळात जुना नसतोच. स्वातंत्र्यानंतर विद्यार्थी वाढले तसे अशा इमारतींना मागून आरसीसीचे भाग जोडले गेले. त्यांचे पाये वेगळे, खोली वेगळी, बसण्याचा वेगही वेगळा. त्यामुळे दोघांच्या मधली उभी फट कितीही भरली तरी दर उन्हाळ्यात उघडते. गुळगुळीत गोल सळ्या, वर जेमतेम अर्धा इंच काँक्रीट, शेजारी स्वच्छतागृहाची ओल. स्लॅबचं पोट सुटतं, सळ्या उघड्या पडतात, एक दिवस वर्गात पोपडा कोसळतो. सुदैवाने रात्री. मग ऑडिट, हातोडीच्या चाचण्या, आणि अहवालात संपूर्ण इमारत एकच धरलेली. मधल्या काळात तळमजल्यावरच्या वर्गांची अभ्यासिका, वरच्या वर्गांचं उत्तरपत्रिकांचं गोदाम. वर्गखोलीला चौरस मीटरला तीनशे किलोचा भार धरतात. पुस्तकांच्या आणि कागदांच्या मांडण्यांना सहाशे, उंच मांडण्या असतील तर त्याहून जास्त. भरलेल्या गठ्ठ्यांच्या खोलीत मुलं नसतात, म्हणून कोणाला ती जड वाटत नाही.

एवढं म्हणून झाल्यावर दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चुन्या-विटांच्या या भिंतींमध्ये जोत्याला, दारांच्या डोक्यावर आणि छताखाली सलग फिरणारे आडवे पट्टे नसतात. भूकंपात खोलीच्या चार भिंती एकमेकींना धरून ठेवतात त्या या पट्ट्यांमुळे. ते नसले की कोपरे उघडतात. बडोदं भूकंपाच्या नकाशात वर्षानुवर्षं तिसऱ्या झोनमध्ये धरलं गेलं आहे, आणि २६ जानेवारी २००१ची सकाळ इथे कोणी विसरलेलं नाही. एकच सागवानी जिना, तोही अरुंद. आग लागली तर दुसरी वाट नाही. व्हीलचेअर वरच्या मजल्यावर जात नाही. रसायनशाळेला धूर ओढणाऱ्या नळ्या न्यायला जागा नाही. यातलं बरंचसं दुरुस्तीने साधतं, पट्टेही मागाहून बसवता येतात, पण त्याला खर्च लागतो आणि चुन्यात काम करणारा गवंडी लागतो. इमारत टिकली असती आणि इमारत आजच्या कामाला आली असती, ही दोन वेगळी विधानं आहेत. त्यामुळे नवीन बांधूच नका असं म्हणणाऱ्यांच्या सभेत मन रमत नाही. आणि मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत दीड फूट भिंतीच्या, उंच झरोक्यांच्या वर्गात पंख्याखाली बसून झालेली परीक्षा आठवली, की नव्या काचेच्या दर्शनी भागाचं चित्र बघवत नाही. दोन्ही एकाच वेळी.

मलब्याचं गणित बहुतेकांना चकवतं. शंभर घनमीटर भिंत पाडली की ढीग शंभराचा होत नाही, एकशे चाळीस-पंचेचाळीसचा होतो, कारण तुकड्यांमध्ये हवा शिरते. दहा घनमीटरच्या डंपरच्या चौदा-पंधरा खेपा. वजन एकशे नव्वद टन. २०१६च्या बांधकाम-पाडकाम कचऱ्याच्या नियमांनी दिवसाला वीस टनांहून किंवा महिन्याला तीनशे टनांहून जास्त मलबा करणाऱ्याला तो वेगवेगळा करणं बंधनकारक केलं: काँक्रीट, माती, विटा-गिलावा, आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक. अशी कुठलीही इमारत पहिल्या आठवड्यातच ती मर्यादा ओलांडते. कागदावर चार ढीग असतात, आवारात एकच. त्यातून भंगारवाला लोखंड वेचतो, लाकूड आधीच गेलेलं असतं, आणि चुना-विटांचा उरलेला चुरा कुठल्या तरी सखल प्लॉटच्या भरावात. जमिनीखाली तर आणखी काही निघतं. जुने पाये पायऱ्या-पायऱ्यांनी रुंद होत गेलेले, खाली चुन्याच्या काँक्रीटचा थर. ते अर्धवट सोडून वरून नवे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घ्यायला गेलं की ड्रिल अडकतं. फुगणाऱ्या काळ्या मातीत खाली फुगा असलेले पाइल घेतात, साडेतीन मीटर आणि त्याहून खोल, दांड्याच्या अडीच पट रुंद फुगा. तो नेमका जुन्या भरावात आला तर काही कामाचा नाही. कुठे बुजवलेली विहीर सापडते. ती पुन्हा मलब्याने भरायची नसते. गाळ काढून, पातळ काँक्रीटने किंवा थरांनी ठोकलेल्या वाळूने भरायची, नाहीतर खांबाची जागा हलवायची. आणि जोतं किती उंच घ्यायचं हे आर्किटेक्टने नकाशावर ठरवण्याआधी विश्वामित्री नदीच्या २०१९च्या आणि २०२४च्या पुराचं पाणी आसपासच्या भिंतींवर कुठवर आलं होतं ते जाऊन बघावं.

बडोद्यात इमारत म्हटली की डोळ्यांसमोर घुमट येतो. १८८१ साली सुरू झालेलं बडोदा कॉलेज, ब्रिटिश वास्तुविशारद चिझमने आखलेली त्याची वास्तू, आजची आर्ट्‌स फॅकल्टी. ती कोणी पाडणार नाही, आणि तिच्या डागडुजीसाठी आज ना उद्या पैसाही उभा राहतो. जातात त्या घुमट नसलेल्या इमारती: मागची प्रयोगशाळा, वसतिगृहाचा जुना भाग, व्हरांड्याची लांब बैठी ओळ. त्यांना नाव नसतं, कोनशिला असलीच तर रंगाखाली. पण त्या काळच्या विटा त्याच मापाच्या, आसपासच्याच मातीच्या, तोच चुना, तेच सागवान. घुमटाच्या इमारतीची दुरुस्ती निघते तेव्हा नऊ बाय साडेचार बाय तीन इंची विटेसाठी शोधाशोध होते, आजची वीट मापाला बसत नाही, जुन्या सागवानाच्या भावाने सगळे हबकतात. तोच माल, मैलभराच्या आत, किलोवर आणि घनफुटावर विकून टाकलेला असतो. नऊ मीटर लांब, चार मीटर उंच, दीड फुटी एका भिंतीत सुमारे सात हजार विटा असतात. एक भिंत राखून ठेवली तर घुमटवालीची कित्येक वर्षांची डागडुजी निघेल.

त्यासाठी निविदेत एक कलम पुरे: अमुक इतक्या अख्ख्या विटा, अमुक इतक्या चौकटी आणि दोन गर्डर संस्थेकडे जमा करणे, ते काम हाताने करणे, त्याचा वेगळा दर. पाडण्याआधी दोन विद्यार्थी आणि एक टेप लावून मापाचे नकाशे काढणे. भिंतीच्या मधल्या भागातून, गिलाव्याच्या मागून, चुन्याचा किलोभर नमुना बंद डब्यात ठेवणे, म्हणजे पुढे प्रयोगशाळेत त्यातलं वाळूचं आणि सुरकीचं, म्हणजे विटांच्या भुकटीचं, प्रमाण काढता येईल. विटा जोत्यावर, छपराखाली, ढीग न करता थप्पीने. यात अवघड असं काहीच नाही, कंत्राटदारही कुरकुरत नाही, फक्त दर थोडा कमी भरतो. अडतं ते दुसरीकडेच. इमारतीतून सुटून आलेल्या विटा कोणत्या विभागाच्या, त्यांची नोंद कशात करायची, आणि त्या खराब झाल्या तर सही कोणाची, याला डेड स्टॉक रजिस्टरमध्ये रकाना नाही.